चाकांवरच्या महालातला नाताळ

श्री. आरंभी त्या बाळाचे स्मरण करावे, ज्याचा जन्म प्रवासातच जाहला, ज्याच्या मायबापांस धर्मशाळेत जागा मिळाली नाही आणि परक्याच्या गोठ्यात मुक्काम करावा लागला. त्याच्या कृपेने लेखणीस बळ यावे आणि ऐकणाराने मध्येच उठून जाऊ नये. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पक्षी, एका ख्रिस्ती राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे लिहितो. राज्य म्हणजे फार थोर नव्हे. चार खोल्या, पुढे अंगण, मागे शेवग्याचे झाड, इतकीच सरहद्द. परंतु अधिपती थोरले महाराज शांतवनराव, जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहलेले, यांचा दरारा ऐसा की दूधवालाही फाटकाशी चपला काढून आत येई. राणीसाहेब तबिथाबाई यांचा गळा खालच्या पट्टीतला, गोड आणि किंचित घोगरा, आणि दम्याचा विकार असल्याकारणे प्रत्येक दुसऱ्या ओळीस श्वास घेऊन त्या जराशा मागून येत. ख्रिस्ती देवळातील सर्व मंडळी त्यांच्यासाठी तेवढे थांबत आणि कोणास त्याचे काही वाटत नसे.

त्या राज्याची रीत ऐसी की, नाताळच्या आदल्या सांजेस गायन मंडळीने ढोलकी, पेटी आणि कंदील घेऊन घरोघर जावे. ज्या दारावर कागदी चांदणी पेटली, ते दार मंडळीचे. तीन कडवी बाहेर उभे राहून म्हणावी, मग घरच्यांनी दार उघडून चहा-करंजी द्यावी, आणि त्या घरच्या एका माणसाने मंडळीत सामील होऊन त्यांस पुढल्या घरापर्यंत पोचवावे. पुढले घर आले की तेथले माणूस येई आणि आधीचे माघारी फिरे. मधल्या वाटेवरून मात्र कोणी परत फिरू नये, पुढला उंबरठा दिसल्याखेरीज गाणे सोडू नये, ऐसा दंडक वाडवडिलांपासून चालत आला होता. शांतवनरावांच्या घरून दर साली राणीसाहेबच जात. गेल्या साली थंडी फार होती, महाराजांनी नको म्हटले, तरी त्या शाल घेऊन निघाल्या, आणि आपले घर व पुढले घर यांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेस, दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीस श्वास घ्यावयास थांबल्या त्या थांबल्याच. मंडळीचे गाणे तेथेच तुटले. पुढल्या घरी चहा उकळून आटून गेला.

तेव्हापासून महाराज बोलेनासे जाहले. दुसरा नाताळ जवळ आला तेव्हा थोरली कन्या सलोमीबाई यांनी मनसुबा केला की, या साली घरी राहूच नये. सलोमीबाई शहरात नोकरी करून राहणाऱ्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, आणि मोठी गाडी घाटात चालविण्यात पटाईत. त्यांनी चाकांवरचा एक महाल भाड्याने आणिला. आत चार बिछाने, गॅसची शेगडी, हात धुवावयास जागा, आणि पडद्याआड शौचकूप, ज्याची टाकी रिकामी करण्याची कामगिरी धाकटे युवराज अशेरराव यांजवर पडली व त्यांनी पहिल्याच दिवशी पँट बदलून ती फत्ते केली. नातेवाइकांत मोठे खलबत जाहले. मावशी म्हणाल्या, देऊळ सोडून नाताळ म्हणजे मिठाविना भाजी, पाळकसाहेब काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील. सलोमीबाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि कोणाचेही मनावर घेतले नाही. महाराजांस विचारले तेव्हा ते फक्त "चला" म्हणाले, आणि आपली पिशवी स्वतः भरून गाडीत जाऊन बसले. कन्येस बरे वाटले. बाप इतक्या लवकर कबूल कसा जाहला, हे तिने तेव्हाच मनास विचारावयाचे होते.

मग स्वारीने कूच केले आणि दक्षिणेचा रस्ता धरिला. सूनबाई जेमिमाबाई यांनी चालत्या गाडीत कुकरमध्ये वाळू घालून केक भाजिला, तो एका बाजूस उंच आणि एका बाजूस बसका जाहला, कारण त्या वेळी घाट लागला होता. अशेररावांनी तो बसक्या बाजूने संपविला. पहिला मुक्काम एका तळ्याकाठी पडला आणि भर दुपारी सलोमीबाईंनी इंजिन बंद केले, तो मागून, आल्या वाटेने, दूरवर ढोलकी ऐकू आली. त्यांस वाटले कोठे लग्न असेल. मग दुसऱ्या मुक्कामी, उसाच्या फडांमध्ये, इंजिन बंद केले तेव्हाही ऐकू आली. तितकीच दूर, तितकीच हळू, आणि तिच्यावर गाणे. गाणे एके ठिकाणी येऊन अडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सलोमीबाईंनी हळूच मागे पाहिले, तर महाराज खिडकीशी कान लावून बसलेले, आणि त्यांच्या तोंडावर वर्षभरात न दिसलेले असे काही होते की त्यास आनंद म्हणावा तर भीती वाटावी. दोघांची नजर भेटली. बाप म्हणाला, इथे जरा जास्त थांबू. लेक म्हणाली, नको, पुढे चांगली जागा आहे. आणि तिने गाडी काढिली आणि नेहमीपेक्षा जोरात हाकिली. तेथपासून दोघेही एकमेकांस काही न सांगता एकच गोष्ट जाणून होते. एकास वाटे ते मागचे आपणांस गाठावे, आणि दुसरीस वाटे कधीच गाठू नये.

नाताळच्या आदल्या दिवशी स्वारी घाट चढून एका उघड्या पठारावर आली. झाड नाही, घर नाही, नुसता काळा कातळ आणि वाळले गवत. दिवस मावळावयास अवकाश होता, तोच दरीतून धुके वर आले आणि पाहता पाहता रस्त्याची पांढरी पट्टीही दिसेनाशी जाहली. सलोमीबाईंचा नाइलाज जाहला. त्यांनी गाडी कडेस घेतली, आणि जेमिमाबाईंस शेगडी पेटविण्यास सांगून, चाकांस दगड लावावयास खाली उतरल्या. दगड लावून वर पाहतात तो महालाच्या दारावर लाल कागदी चांदणी पेटलेली. महाराजांनी ती पिशवीत घालून घरून आणिली होती, आणि तार आतल्या बॅटरीस जोडून आपल्या हाताने लटकाविली होती. आपल्या माणसाचा हा हट्ट दुसऱ्या कोणास वेडेपणा वाटेल, परंतु ज्या घरात ही रीत पाळली गेली तेथे याचा अर्थ एकच. ज्या दारावर चांदणी, ते दार मंडळीचे. सलोमीबाई धावत आत गेल्या, तार उपटावी म्हणून हात पुढे केला, आणि तितक्यात बाहेर ढोलकीवर थाप पडली. दूर नव्हे. दाराशीच.

पहिले कडवे जाहले. अशेरराव म्हणाले, जवळच्या गावातली मंडळी असतील, आणि मोबाईलवर गाव शोधू लागले, आणि गाव सापडेना. जेमिमाबाई नव्या असल्या तरी रीत शिकलेल्या. त्यांनी सवयीने कप मांडिले आणि चहा गाळिला. दुसरे कडवे लागले, आणि दुसऱ्या ओळीस सगळे आवाज थांबले. एका आवाजासाठी थांबले. तो आला नाही. तितकीच जागा मोकळी ठेवून गाणे पुढे गेले. जेमिमाबाईंनी हातातला कप बशीवर ठेविला आणि अशेररावांनी मोबाईल खिशात घातला. मग तिसरे कडवेही संपले आणि सर्वत्र शांत जाहले. दार उघडणे भाग होते. सलोमीबाईंनी उघडिले. धुक्यात कंदिलांची रांग उभी होती. कंदील गुडघ्यापाशी धरलेले, त्यामुळे पाय दिसत, धोतरांचे आणि लुगड्यांचे काठ दिसत, चेहरे दिसत नसत. पायांत जुन्या काळचे जोडेही होते. रांगेच्या शेवटी एक शाल होती, ती सलोमीबाईंनी ओळखिली. चहाचे तबक पायरीवर ठेविले. कोणी हात लाविला नाही, आणि उकळता चहा ठेवल्याठायी गार होऊन त्यावर साय धरली.

मागून महाराज आले. अंगात कोट, गळ्यात मफलर, केस विंचरलेले. सलोमीबाई दारात आडव्या जाहल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पप्पा, इथं पुढचं घर नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग पोचवणार कुठं?"

"ती वर्षभर चालतेय, सलोमी. एकटी. कुणी सोबत जायला नको?" महाराज म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, रागाने नव्हे, मायेने तिला बाजूस सारून खाली उतरले. शालीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रांग वळली, ढोलकी वाजू लागली, आणि मंडळी पठाराच्या वाटेने धुक्यात चालू लागली. अशेरराव मागे धावणार, तो सलोमीबाईंनी त्यांस दंडास धरून थांबविले. बापास ओढून आणावे तर वाटेवरून माघारी फिरविल्याचा दोष, आणि न आणावे तर पुढल्या घरापर्यंत तो चालत राहणार, आणि पुढले घर तर या पठारावर कधीच येणार नाही. आई गेली तेव्हा सलोमीबाई रडल्या नव्हत्या, सर्व व्यवस्था त्यांनाच पाहावी लागली होती. आता मात्र त्यांस रडू कोसळले. बाप जिवंत असून आपल्या डोळ्यांदेखत आपणांस सोडून चालला, आणि हसत चालला, याचे दुःख त्यांस फार जाहले. त्या पायरीवर मटकन बसल्या. बसल्या ती पायरी लोखंडी होती, दुमडून गाडीखाली सरकणारी. त्या पायरीकडे त्यांनी पाहिले, मग चाकांकडे पाहिले, आणि डोळे पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "अशेर, दगड काढ. घर पुढं न्यायचंय."

मग चाकांवरचा महाल धुक्यात हळू हळू निघाला. अशेरराव खिडकीबाहेर अर्धे वाकून रस्त्याची कड सांगत, जेमिमाबाई चांदणीची तार दोन्ही हातांनी धरून बसलेल्या, आणि सलोमीबाई गाडी हाकीत. गाणे जवळ आले, मग बाजूस आले, आणि खिडकीखालून कंदील एकेक करून मागे जाऊ लागले. सलोमीबाईंनी त्या बाजूस मान वळविली नाही आणि आरशातही पाहिले नाही. पाहिले असते तर पाय आपसूक ब्रेकवर गेला असता, हे त्या जाणून होत्या. शेवटच्या कंदिलापाशी त्यांस आपल्या बापाचा बेसूर आवाज ऐकू आला. महाराज जन्मात कधी गायले नव्हते. त्या ओठ चावून पुढे गेल्या, मंडळीस बरेच मागे टाकून गाडी कडेस घेतली, पायरी खाली सोडली आणि दारात चांदणीखाली उभ्या राहिल्या.

मंडळी आली. चांदणी पाहून उभी राहिली आणि पहिले कडवे म्हटले. दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीस सगळे आवाज थांबले, आणि त्या थांबण्यात एक श्वास ऐकू आला, घोगरा, ओढून घेतलेला, आणि त्यामागून राणीसाहेबांचा आवाज जराशा उशिराने आला आणि ओळ पुरी करून गेला. तिसरे कडवे त्यांनी शेवटपर्यंत म्हटले. सलोमीबाईंनी चौकट धरली आणि त्या बोलल्या, "आई, घर आलं." शाल एक पाऊल पुढे आली आणि चांदणीच्या उजेडात येण्याआधीच तेथे शाल उरली नाही. रांग मात्र तशीच उभी राहिली, कारण या घरचे माणूस अजून निघावयाचे होते. तेव्हा सलोमीबाई मंडळीस म्हणाल्या, "घर बदललं नाही, नुसतं पुढं आलंय. या घरचं माणूस मागच्या सालीच दिलं. ते आज पोचलं." आणि स्वतःच्या हाताने चांदणी मालविली. कंदील थोडा वेळ हलले नाहीत. अशेरराव सांगतात की मंडळीत काही कुजबूज जाहली. जेमिमाबाई सांगतात की वारा होता. मग कंदील वळले, ढोलकी दूर गेली, आणि धुक्यात रस्त्यावर एकटे महाराज उभे राहिले, एक हात जरा पुढे धरलेला, जणू त्यात कोणाचा हात असावा.

त्यांस आत आणिले, अंगावर रग घातला, दूध दिले. ते हाताकडे पाहत बसले. मग म्हणाले, "मी सोडत नव्हतो. तिनं सोडवून घेतला." आणि आणखी थोड्या वेळाने, लेकीकडे न पाहता, "तू घर पुढं आणलं नसतंस, तर आम्ही अजून चाललो असतो."

"हो, पप्पा," सलोमीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातला पेला घेऊन धुवावयास गेल्या.

ऐसा तो नाताळ जाहला. राणीसाहेब मुक्कामी पोचल्या, महाराज जिवंत परतले, राज्यास धक्का लागला नाही. बापाचा बोल लागला तो सलोमीबाईंस, आणि महाराज हयात आहेत तोवर तो लागत राहावा, इतकेच मागणे त्या दर रविवारी देवळात मागतात. लेखनसीमा.