जंतुमुक्त डोंगरपिंपरी

डोंगरपिंपरी ग्रामपंचायतीच्या हद्दीत जंतू आढळून आल्यामुळे विशेष ग्रामसभा बोलावण्यात आली. जंतू प्रथम शाळेत आढळले. कुण्या दानशूर माणसाने शाळेला सूक्ष्मदर्शक यंत्र दिले होते आणि त्याचे उद्घाटन सरपंच शिवप्पांच्या हस्ते ठेवले होते. विज्ञानाचे शिक्षक सुदर्शन सर यांनी गावतळ्याच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि सरपंचांना नळीला डोळा लावायला सांगितले. शिवप्पा बराच वेळ वाकून राहिले. नारळ फोडायचा राहूनच गेला.

"हे वळवळून राहिलेत ते कोण?" त्यांनी विचारले.

"जंतू आहेत अप्पा. तळ्यात असतातच."

"किती हायेत?"

"कोट्यवधी असतील."

"आन् त्यांची नोंद हाय का?"

हा प्रश्न ग्रामसेवक हरिओम यांना होता. शासनाने त्यांचे पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी केले होते, पण गाव त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणत होते. त्यांनी अदबीने सांगितले की नोंद नाही, घरपट्टी नाही आणि रहिवासाचा कसलाही पुरावा नाही.

ग्रामसभेत सुदर्शन सरांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला, हे कबूल करायला हवे. ते म्हणाले, "यातले रोग करणारे थोडे. पिण्याच्या पाण्यात औषध टाका, माझी हरकत नाही. पण बाकीचे राबतात म्हणून गाव चाललंय. तळ्यात पडलेलं पान, शेण, मेलेला किडा, सगळं खाऊन ते त्याचं खत करतात. ते झाडाला जातं, शेवाळाला जातं, शेवाळ माशाला जातं. हे नसते तर आपण आपल्याच घाणीत बुडालो असतो."

शिवप्पांनी शांतपणे विचारले, "सर, तुमी गावाच्या बाजूनं हाव का जंतूंच्या?"

सरांचे अहमदपूरला घराचे बांधकाम चालू होते आणि बदल्यांचा मोसम जवळ आला होता. ते गावाच्या बाजूचे निघाले. त्यांची विषयातली गती पाहून त्यांनाच जंतुनिर्मूलन समितीचे सचिव नेमण्यात आले. योगायोगाने त्याच आठवड्यात वरून 'जंतुमुक्त गाव' स्पर्धाही जाहीर झाली. जंतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे गुण वासावर द्यायचे ठरले होते. गावाला जितका औषधाचा वास येईल तितके गाव शुद्ध, अशी ती सोपी पद्धत होती.

आता साखराबाईंविषयी सांगितले पाहिजे. त्यांचे घर चावडीमागे आहे आणि दोन्ही गुडघे गेलेले आहेत. जन्मभर पहाटे तांब्या घेऊन माळावर गेलेल्या या बाईला म्हातारपणी मुलाने दारातच दोन शोषखड्ड्यांचे शौचालय बांधून दिले. एक खड्डा भरला की तो झाकायचा आणि दुसरा वापरायचा. पहिला पुढे उघडावा तर आत नुसती काळी, भुसभुशीत, मातीचाच वास असलेली माती. साखराबाईंनी ती अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घातली. झाड लिंबांनी लगडले. त्यांनी लिंबे गल्लीभर वाटली आणि खताचा उल्लेख टाळला. देवाने कधी दिले नाही इतके सुख त्या दोन खड्ड्यांनी दिले, असे त्या म्हणत, आणि त्यात काही खोटे नव्हते.

दर सोमवारी प्रत्येक घराने शौचालयात फिनेलची बाटली ओतायची आणि ओततानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा, असा ठराव झाला. बाटल्या लिंबाच्या वासाच्या होत्या. हरिओम स्वतः साखराबाईंकडे गेले.

"वर तर चकचकीत हाय. मंग खाली कशाला ओतालाव?" साखराबाईंनी विचारले.

"मावशी, खाली जंतू हायेत."

"असू द्या की. ते खाली, मी वर. त्यायनं मला कधी तरास दिला न्हाई."

हरिओम यांना वाईट वाटले, पण ज्या घराचा फोटो येणार नाही त्याच्या दारावर 'येथे जंतू राहतात' अशी पाटी लावण्याचेही ठरलेले होते. पाटी रंगवून तयार होती. साखराबाईंच्या सुनेने, रूपालीने, मुकाट्याने बाटली ओतली आणि सासूचा फोटो काढला. फोटोत साखराबाई हसत नव्हत्या, पण तशी अटही नव्हती.

मोहीम जोरात चालली. गावतळ्यात जंतुनाशक पावडरीची पोती रिकामी झाली. पाणी काचेसारखे झाले आणि मासे वर आले. ते मेलेले होते, पण सडले नाहीत, याची समितीने समाधानपूर्वक दखल घेतली. तळ्यात सोडलेले झेंडूचे हार महिना उलटला तरी तसेच तरंगत होते. उकिरड्यावर फवारणी झाल्यामुळे शेणाचे खत होईना. शेणाचा पो जसा पडला तसाच, कडा न मोडता, बसून राहिला. हा वळणावरचा, तो चावडीपुढचा, अशी एकेका पोची ओळख लोकांना झाली.

मग घरोघरी दही लागेनासे झाले. सगळी भांडी, फडकी, शिंकाळी औषधात बुडवून काढलेली. दूध रात्रभर ठेवले तरी सकाळी दूधच. बायकांनी शेजारच्या गावातून विरजण आणायला सुरुवात केली, तेव्हा विरजण म्हणजेच जिवंत जंतू, हे सुदर्शन सरांच्या तोंडून निसटले. समितीने तत्काळ गावच्या हद्दीवर नाका बसवला. येणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत वाटी आहे का ते पाहिले जाऊ लागले. ताकाशिवाय जेवण उतरत नाही असे शिवप्पांनी घरी दोनदा बोलून दाखवले, पण नियम तो नियम, असे बाहेर सांगितले.

आणि शौचालये भरली. खड्ड्यांत जे पडेल ते तसेच राहू लागले, कारण ते खाणारे कुणी उरले नव्हते. एकामागून एक घरे तुंबली. गावाने शौचालयांना कुलपे घातली आणि बाहेरून फिनेल मारत राहिले, कारण गुण वासाला होते. धडधाकट माणसे माळावर जाऊ लागली. साखराबाईंना माळ झेपत नव्हता. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले.

"भूक न्हाई गं," त्या रूपालीला म्हणायच्या.

"आत्याबाई, भूक न्हाई का वाट न्हाई?"

साखराबाईंच्या उपवासाची बातमी समितीपर्यंत पोचली आणि मोहिमेला ज्येष्ठ महिलांचा स्वयंस्फूर्त पाठिंबा म्हणून तिची नोंद झाली.

रूपालीने सुदर्शन सरांना गाठले. सरांनी आजूबाजूला बघून हळूच सांगितले, की फिनेल बंद करा आणि दुसऱ्या एखाद्या चालत्या खड्ड्यातली माती आणून शेणकाल्यात कालवून ओता. जंतू पुन्हा धरतील, खड्डा हळूहळू चालू लागेल. रूपालीचे माहेर मुखेडकडचे. ती तिथे गेली आणि जेवणाच्या डब्यात ओली काळी माती भरून, डबा मांडीवर धरून एसटीने परत आली.

नाक्यावर तिला उतरवले. शिवप्पा आणि हरिओम होते, आणि पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले समितीचे सचिव होते.

"डब्यात काय हाय?" शिवप्पांनी विचारले.

"आत्याबाईंचं औषध हाय."

शिवप्पांनी डबा उघडला, वास घेतला आणि सरांपुढे धरला. "सर, तुमीच बगा. जिवंत हायेत का?"

सरांनी रूपालीकडे पाहिले. हो म्हटले असते तर ते खोटे नव्हते आणि नाही म्हटले असते तर म्हातारी सुटली असती. सर म्हणाले, "तपासावं लागेल," आणि खबरदारी म्हणून डब्यात पंप मारला. रूपाली तो डबा तसाच घेऊन घरी गेली. त्या रात्री साखराबाई पाणीही थोडेच प्यायल्या.

पाहणी पथक आले तेव्हा सारे गाव लिंबाच्या वासाने दरवळत होते. प्रत्येक शौचालयापुढे रांगोळी होती आणि दाराच्या कुलपाला हार घातलेला होता. शिवप्पांकडे पुरणपोळीचे जेवण झाले. जेवणानंतर पथकप्रमुखांनी हरिओम यांच्या कानात काही विचारले. हरिओम यांनी अत्यंत आदराने त्यांच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली दिली आणि माळाची दिशा दाखवली.

अर्ध्या वाटेवर एका दगडावर साखराबाई गुडघे धरून बसल्या होत्या. निघाल्यापासून त्या तिथवरच पोचल्या होत्या.

"आजी, इकडं कुठं?" पथकप्रमुखांनी विचारले.

"तुमी चाललाव तिकडंच, साहेब. तुमी व्हा म्होरं. मला यायला येळ लागंल."

साहेबांना घाई होती. अहवालात त्यांनी लिहिले, की गावातील वृद्ध महिलांमध्येही पायी चालण्याची उत्तम आवड दिसून आली. डोंगरपिंपरी पहिले आले. सुदर्शन सरांची इच्छित ठिकाणी बदली झाली. साखराबाईंच्या लिंबाला यंदा फळ धरले नाही, आणि त्या अजून रात्रीच्या जेवत नाहीत.

हा उपक्रम आता सर्वत्र राबवण्याचे घाटत आहे. आपल्याकडे पथक कधी येईल, याची काळजी तुम्ही करू नका. तुमच्याकडे येण्याची त्यांना गरजच वाटलेली नाही. तुम्हाला ना सरपंचाने बजावले, ना कुणी पाटी रंगवून ठेवली, तरी तुमच्या मोरीच्या कोनाड्यात ती बाटली उभी आहे आणि तुम्ही ती आज सकाळीच ओतली आहे. वास छान येतो. खाली काय झाले, ते बघायला कोण जाते?