भिवातात्यांचा फेटा

भिवातात्यांना पाणी देणं म्हणजे हौसेनं अपमान करून घेणं होतं. आपण चिंचेनं घासून लखलखीत केलेला तांब्या त्यांच्या हातात द्यावा, आणि त्यांनी काय करावं? डोक्यावरच्या फेट्याचा शेमला पुढं ओढायचा, दुहेरी करायचा, तांब्याच्या तोंडावर ताणून धरायचा आणि त्यातून घटाघटा पाणी प्यायचं. लग्नघर असो, देऊळ असो, नाहीतर पाटलाची बैठक असो, त्यात बदल नाही. सख्ख्या पुतणीच्या सोयरिकीला गेले तिथंही त्यांनी हेच केलं.

"आमच्या पान्यात किडं हायेत व्हय?" मुलाचा बाप उखडला.

"तुमच्याच कशाला, समद्यांच्याच पान्यात हायेत," तात्या शांतपणे म्हणाले आणि मिशा पुसल्या. ती सोयरीक मोडता मोडता राहिली.

मी जळकोटला सून होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कुठंतरी लांब मोठी लढाई चालू होती. त्या लढाईपायी आमच्याकडं कापड मिळेनासं झालं होतं. तात्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. धनगराचं घर, दारात मेंढरं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "म्हातारा भला हाय, पर बायकू गेल्यापसनं डोस्क्यात पानी शिरलंय. तू लक्ष दिऊ नगंस." मी कशाला देते? मी आपली तोंडावर पदर धरून हसायची.

आताच्या लोकांना नारू ठाऊक नाही, म्हणून सांगते. पायाला फोड यायचा, निखारा ठेवल्यागत आग व्हायची, आणि फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा लांबलचक जंत बाहेर यायला लागायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायचा. ऐन पेरणीत अर्धं गाव खाटेवर पडलेलं असायचं. गावाला पाणी एकाच बारवेचं, पायऱ्या उतरून जायची जुनी दगडी विहीर. ज्याच्या पायाची आग व्हायची तो त्या पायऱ्या उतरून थंड पाण्यात पाय सोडून बसायचा, आणि आम्ही बाया त्याच्या शेजारीच वाकून घागरी भरायचो.

मागं कधीतरी देवी टोचायला सरकारी डॉक्टर आला होता. त्यानं चावडीवर सांगितलं होतं, की नारूचा पाय पाण्यात गेला की त्यातून बारीक जीव सुटतात आणि पिणाऱ्याच्या पोटात जातात. पाणी दुहेरी कापडानं गाळा, आणि बारवेच्या पायऱ्या बुजवून रहाट बसवा. डॉक्टर गेला आणि गाव विसरलं. विसरणारच की! आज प्यालेलं पाणी वर्षानं पायातून निघतं म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? तात्यांनी तेवढा ठेवला. त्यांची बायको गवराबाई डॉक्टर यायच्या आदल्या पावसाळ्यात नारूचा पाय सडून गेली होती. तिचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. तोंडात एकच पालुपद, "औंदा प्यालं, फुडल्या साली पायातनं आलं!" कुणी रामराम घातला तरी उत्तर हेच.

आता गाळायचं म्हटलं तर कापड हवं. बाया म्हणायच्या, "तात्या, लुगड्याला ठिगाळ मिळंना, घागरीला कुठनं आनावं?" तात्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फेटा सोडला, वीतभर-वीतभर मापून फाडला आणि घरोघर तुकडा देत सुटले. तो त्यांचा लग्नातला फेटा, कधीकाळी गुलाबी, शेवाला म्हणजे टोकाला जर असलेला. दर आठवड्याला तात्यांचा फेटा आखूड होत गेला. आधी शेमला गेला, मग वेढे कमी झाले, शेवटी डोक्याला नुसतं फडकं उरलं आणि एक दिवस तेही दिसेना. गावात घागरीघागरीवर फिकट गुलाबी कापड बसलं. जरीचा शेव कुणाला दिला यावरून बायांत मात्र मोठी धुसफूस होती. प्रत्येकीला वाटायचं, तो दुसरीच्या घरात आहे. मला तर पाटलिणीचा दाट संशय होता.

पुढल्या उन्हाळ्यात माझ्याच नडगीला फोड आला. आदल्या वर्षी मी हसत हसत प्याले होते ना, ते निघालं. पायाची अशी आग, की लाज सोडून लंगडत बारव गाठली. तात्या वरच्याच पायरीवर काठी आडवी धरून बसलेले.

"खाली जायाचं न्हाय."

"मरते की हो मी, तात्या!"

"मर, पर पान्यात पाय घालू नगंस. तितंच बस."

मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले. तात्या उठले, खाली जाऊन घागर भरून आणली आणि लांब बांधाकडं मला बसवून माझ्या पायावर हळूहळू धार धरली. घागर संपली की दुसरी आणायचे. वडीलधारा माणूस सुनेच्या पायावर पाणी घालतोय म्हटल्यावर मी संकोचानं अर्धी झाले होते. ते आपले म्हणत होते, "वाईच थांब, कमी हुईल. कमी हुतंय बघ." त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही, आणि कुणी हसलं तर मीच भांडायला उठायची.

पण कापड विरतं, आणि काठी घेऊन माणूस तरी किती बसणार? पुढच्या उन्हाळ्याच्या आत पायऱ्या बंद झाल्या नाहीत तर पुन्हा तेच, हे तात्यांना पक्कं कळलं होतं. ते अर्जी घेऊन तालुक्याच्या कचेरीत निघाले. सोबत आमचे हे होते. तिथं उघड्या डोक्यानं साहेबासमोर जायची चाल नव्हती. चपराशानं दारातच अडवलं.

"ए बुढ्ढे, पगडी किधर है?"

"घागरीवर हाय," तात्या म्हणाले.

चपराशी खवळला. गडबड ऐकून साहेब स्वतः बाहेर आले आणि काय प्रकार आहे म्हणून विचारलं. तात्यांनी हात जोडले. "सरकार, माज्या एकल्या डोस्क्यापरीस गावच्या पान्याला तिची गरज जादा व्हती. पायऱ्या बुजवून द्या, मंग मी डोस्कं झाकून येतो."

साहेबांनी अर्जी ठेवून घेतली. सरकारी अर्जी ठेवून घेतली म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, तात्यांनाही. ते गावी परतलेच नाहीत. कचेरीच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसले. साहेब आले की उठून रामराम, गेले की उठून रामराम, आणि प्रत्येक रामरामाला जोडून, "औंदा प्यालं, फुडल्या साली पायातनं आलं." शेवटी कंटाळून का होईना, हुकूम निघाला.

गवंडी आले तेव्हा गावातली जुनी माणसं आडवी आली. पायऱ्या पूर्वजांच्या, हात लावायचा नाही म्हणे.

"पूर्वजांस्नी बी नारूच झाला व्हता," तात्या म्हणाले आणि पहिला दगड स्वतः उचलून ठेवला. दुसरा मी ठेवला. भिंत उभी राहिली, वर रहाट बसला.

गावानं कुठून कुठून खटपट करून तात्यांसाठी नवा फेटा आणला आणि चावडीवर मानानं हातात दिला. "बांधा, तात्या." तात्यांनी तो उलगडला, कापड बोटांनी चाचपलं, वीत लावली आणि टर्रकन फाडला. "पलीकडच्या गावच्या बारवंला अजून पायऱ्या हायेत," म्हणाले. पाटील संतापले. मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुपारी मी त्यांना भाकरी द्यायला गेले. त्यांच्या घरात पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. कोपऱ्यात दोन घागरी होत्या. मोठीवर आमच्यासारखाच विटका तुकडा. धाकटी मात्र घासून लखलखीत, आणि तिच्या तोंडावर जरीचा शेव.

"एकल्या मानसाला दोन घागरी कशाला, तात्या?"

त्यांनी भाकरी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली.

"धाकली गवरीची हाय. रोज गाळून भरतो. दुसऱ्या दिशी तुळशीला वततो आन पुन्यांदा भरतो." मग हळूच म्हणाले, "त्यो डाक्टर दोन सालं आधी आला आस्ता तर... तिला गाळल्यालं पानी कदी पाजाया गावलंच न्हाय बग."

तात्या उठले. त्यांनी जरीचा शेव अलगद बाजूला केला, तांब्या बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"पी, पोरी. लई दिसांत तिच्यातलं कुनी प्यालं न्हाय."