देवरे आप्पांचा बिजल्या

आमच्या सोसायटीत बारसं असो, लग्न असो, वास्तुशांत असो, देवरे आप्पांची भेट ठरलेली. वर रंगीत कागद, त्यावर सोनेरी रिबन आणि आत 'बिजल्याचा माग'. जंगलात लपलेल्या एका नामचीन दरोडेखोराला पोलीस कसे शोधत फिरतात, त्याची ही जाडजूड कादंबरी. पवारांच्या नातीच्या बारशाला तर आप्पांनी ती थेट पाळण्यातच ठेवली. बाळाच्या एका अंगाला चांदीचे वाळे आणि दुसऱ्या अंगाला बंदूक रोखलेला, लाल डोळ्यांचा बिजल्या. पवारांची सून आधी दचकली आणि मग "थँक्यू हं आप्पा" म्हणाली. बाळ बिजल्याकडे बघून हसलं. आप्पा म्हणाले, "बघा, तिलापण आवडलं!"

मुखपृष्ठावर बिजल्याच्या मागे एक वाघही आहे. पुस्तकात वाघ कुठेच नाही, असं माझी बायको सांगते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आप्पा फळांऐवजी बिजल्या घेऊन आले होते आणि बिचारीला पळून जायची सोय नव्हती, म्हणून तिने तो वाचला. मी आप्पांना विचारलं, "अहो, तो वाघ कुठाय?" तर म्हणाले, "दबा धरून बसलाय." मी तर हात टेकले आहेत.

मी स्वतः ते पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली. लाइट गेली की अख्खं गाव माझ्या मागे लागायचं. आता निवृत्तीत आणखी कोणाचा पाठलाग वाचायची मला हौस नाही. पण आप्पा समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि लिफ्टमध्ये गाठतात. "कुठवर आलं, पाठक?" असं त्यांनी विचारलं की मी मजल्यांचे आकडे मोजत राहतो. एकदा मी ठोकून दिलं, "कारखानीस नदीपर्यंत आलेत." एसपी कारखानीस म्हणजे बिजल्याच्या मागावरचे पोलीस अधिकारी, एवढं पाठीमागच्या मजकुरावरून मला कळलं होतं, आणि जंगल म्हटलं की नदी असणारच. आप्पांनी डोळे बारीक करून विचारलं, "पहिली नदी की दुसरी?" तेव्हापासून मी जिन्याने जातो.

आप्पांचं पुस्तकाचं कौतुकही जगावेगळं. लोक असल्या पुस्तकात गोळीबार वाचतात, चकमकी वाचतात. आप्पांना त्याचं काहीच नाही. "गोळ्या काय, कोणीही झाडतो. मधला भाग वाचा, मधला!" मधल्या भागात, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, काहीही घडत नाही. कारखानीस या पाड्यावरून त्या पाड्यावर जातात, टपरीवर चहा पितात, फोटो दाखवतात, लोक नाही म्हणतात. पुन्हा पुढचा पाडा, पुन्हा चहा. माझी बायको तिथे दोनदा झोपली. तिने तसं सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "वहिनी, शोध असाच असतो. कोरडा."

आणि शेवटचं प्रकरण? ते प्रत्येक प्रतीत आप्पांनी स्टेपलर मारून बंद केलेलं असतं. का, तर "ते लेखकाने उगाच घाईत उरकलंय." बायकोने सुरीने पिना काढल्या. शेवटी बिजल्या पोलिसांच्या गोळीने मरतो.

या प्रती संपतही नाहीत. कुठल्याशा पुस्तक प्रदर्शनात आप्पांना हे पुस्तक सापडलं. मग त्यांनी प्रकाशकाला गाठून उरलासुरला सगळा माल टेम्पोत घालून आणला. दिवाणखाली बिजल्या, कपाटावर बिजल्या. घरात ज्वारीचं पोतं ठेवायला जागा नाही. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊ, रात्री उठलं तर पायात दरोडेखोर येतात."

आप्पा मूळ सटाण्याकडचे. दिंडोरी रोडला त्यांचं शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. बोलायला मोकळे, हसायला मोठे आणि कपड्यांना कडक इस्त्री. कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "तपास चालू आहे." जेवण झालं का, आप्पा? तपास चालू आहे. बीपीची गोळी घेतली का? तपास चालू आहे.

आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण एकदा नाहीसं झालं. वाऱ्याने उडालं असणार, दुसरं आणू, इतकी साधी गोष्ट. पण आप्पा जिन्यात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायला लागले. "झाकण शेवटचं कोणी पाहिलं? किती वाजता? रंग कोणता होता? त्या दिवशी कोणी काही बोललं होतं का त्याला? याआधी कधी असं न सांगता गेलं होतं का?" आम्ही पोट धरून हसत होतो. पवार म्हणाले, "आप्पा, झाकणाचं कुठे प्रेमप्रकरण होतं का तेही विचारा!" आणि बोलता बोलता पवारांचाच चेहरा एकदम उतरला. हे प्रश्न आप्पांनी पुस्तकातून उचललेले नव्हते. ते त्यांना पोलिसांनी विचारले होते, निलेशबद्दल.

निलेश हा आप्पांचा एकुलता एक मुलगा. तिशीला आलेला, शांत, दुकानात बसायचा. एका मंगळवारी सकाळी "वणीला देवीला जाऊन येतो" म्हणाला आणि मोटरसायकल घेऊन गेला. आला नाही. मोबाइल घरीच चार्जिंगला लावलेला. मोटरसायकल वणीच्या स्टँडजवळ मिळाली, किल्लीसकट. भांडण नाही, कर्ज नाही, चिठ्ठी नाही. दोन घास पोह्यांचे ताटलीत टाकून गेला, एवढंच. वहिनींना अजून वाटतं, पोह्यांत मीठ जास्त झालं होतं.

आप्पांनी गडावर शोधलं, कळवण पालथं घातलं, सुरतेला जाऊन गिरण्यांच्या दारात उभे राहिले. खांबाखांबांवर फोटो चिकटवले. पोलिसांनी तक्रार घेतली, फोटो सगळीकडे पाठवला. मग हळूहळू सांगायला लागले, मुलगा सज्ञान आहे, आपल्या मर्जीने गेला असेल, तपास चालू आहे. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडे रोज नवी माणसं हरवतात. तीन वर्षं झाली. आप्पांनी दुकान विकलं. ती मोटरसायकल मात्र पार्किंगमध्ये आहे आणि आप्पा रोज सकाळी तिला किक मारून दोन मिनिटं चालू ठेवतात. आवाजाने माझी झोपमोड होते. आधी मी चिडायचो.

खरं सांगू? निलेश परत येईल असं मला वाटत नाही. सोसायटीत कोणालाच वाटत नाही. हे मनात असताना रोज त्या माणसाला "काय आप्पा, काय म्हणता?" असं हसून विचारायचं, याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. त्याच्यासाठी काही करताही येत नाही आणि त्याच्याकडे न बघताही राहवत नाही.

तर झालं असं. आमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला नवे पीआय आले. हल्ली साहेब लोकांना बुके न देता पुस्तक द्यायची पद्धत पडली आहे. आप्पांइतकी ती कोणी मनावर घेतली नसेल. साहेब बदलला की आप्पा शाल, नारळ आणि बिजल्या घेऊन हजर. या वेळी मला म्हणाले, "पाठक, तुम्ही चला. फोटो काढायला कोणीतरी लागतं. येताना मिसळ खाऊ." मिसळीला मी नाही म्हणत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

साहेब तरुण होते. आधी त्यांना वाटलं आम्ही गणेश मंडळाचे, मग वाटलं आप्पा निवडणुकीला उभे राहणार आहेत. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. आप्पा ठेवणीतलं मराठी बोलत होते. "आपल्या कार्यास हार्दिक शुभेच्छा" वगैरे. साहेबांनी कागद सोडला आणि लाल डोळ्यांचा बिजल्या बघून हसू दाबलं. "असं काय विशेष आहे यात, काका?"

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, या बिजल्याला जगात कोणी नाही. आई मेली, बायको निघून गेली, टोळी फुटली. एवढ्या मोठ्या जंगलात एकटा. पण एक माणूस रोज सकाळी उठून पहिलं त्याचंच नाव घेतो. आत्ता कुठे असेल, काय खाल्लं असेल, पावसात कुठे टेकला असेल? बारा वर्षं! एकदाही म्हणत नाही, की जाऊ दे आता. सख्खा भाऊ एवढं करत नाही, साहेब. मला सांगा, बिजल्या एकटा होता का?"

"वाचतो, नक्की वाचतो," म्हणत साहेब उठले आणि पुस्तक ठेवायला त्यांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत फायलींच्या वर बिजल्याच बिजल्या. आधीच्या साहेबांचे. एकाचीही रिबन सुटलेली नव्हती. मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. साहेबांचे कान लाल झाले. आप्पा मात्र कपाटाकडे बघून म्हणाले, "असू द्या. एखादी प्रत कोणी नेली तर दुसरी हाताशी असलेली बरी."

साहेबांनी कपाट लावलं, दार लोटलं आणि आप्पांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. "काका, कोण हरवलंय?"

आप्पांनी सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मुलगा सज्ञान आहे. समजा उद्या तो मला भेटला आणि म्हणाला, मला घरी जायचं नाही, तर मी त्याला ओढून आणू शकत नाही. त्याने नको म्हटलं, तर तो कुठे आहे हेही तुम्हाला सांगता येणार नाही. हे माहितीये ना?"

मला साहेबांचा राग आला. आणि ते खरं बोलत होते म्हणून जास्तच आला. आप्पा मांडीवरची इस्त्रीची घडी बोटाने सरळ करत बसले. बोलले तेव्हा ते ठेवणीतलं मराठी कुठच्या कुठे गेलं होतं आणि सटाण्याकडची अहिराणी मधेच डोकावली.

"मग नका आणू," ते म्हणाले. "मना पोऱ्या शे, साहेब, पोटचा पोरगा. त्याला नसेल यायचं तर नको येऊ दे. पत्ताही नको मला. कुठे भेटला तर त्याला फक्त सांगा, तुझा बाप शोधतोय. रोज शोधतोय. त्याला असं वाटायला नको, की आपण गेलो आणि कोणी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. एवढं सांगा, आणि मग जाऊ दे त्याला."

साहेब म्हणाले, "बघतो, काका." दुसरं काय म्हणणार? त्यांनी चहा मागवला. तो आम्ही प्यालो आणि निघालो. मिसळीची आठवण आप्पांनी काढली नाही, मीही नाही. स्कूटरवर मागे बसून मी त्यांच्या मानेवरचे पांढरे केस बघत होतो. हा माणूस दारोदार दरोडेखोर वाटत फिरतो आणि आम्ही त्याला हसतो.

वहिनी दार उघडून उभ्याच होत्या. आम्ही निघाल्यापासून तिथेच असाव्यात. "काय म्हने साहेब?" त्यांनी विचारलं.

"एकदम भला माणूस शे," आप्पा नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "आजच मानूस धाडी राह्यना वनीले. नव्याने शोधतस म्हने."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. वणीला कोणी माणूस जाणार नव्हता. वहिनींनी आप्पांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "खरं का हो, भाऊ?"

"अहो, माझ्यासमोर फोन लावला ना त्यांनी वणीला," मी म्हणालो. "चांगलं दहा मिनिटं बोलत होते."

वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "बरं झालं बाई," असं म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या. आप्पा भिंतीला धरून चपला काढत होते. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला तसे माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, "फोनचं बरं सुचलं तुम्हाला, पाठक. मी आपला दर वेळी माणूसच धाडत होतो."