मागच्या कठड्यावरचं फडकं

आमच्या दाजींनी, म्हणजे अर्तेमियो साल्दिवारांनी, छापून घेतलेल्या कार्डावर असं आहे: 'वाल्पाराइसोचा तिसरा डोळा. चेहरा पाहून गुन्हा ओळखतो, गुन्हा पाहून चेहरा. जमिनीवर व समुद्रावर सारखाच अचूक.' एकतीस वर्षं त्यांनी बारोन टेकडीवर चढणाऱ्या लिफ्टच्या दारात तिकिटं फाडली. "चढणारा माणूस आणि उतरणारा माणूस, यांतला फरक मला कळतो," असं ते सांगतात. तो आम्हालाही कळतो, पण आम्ही कार्डं छापली नाहीत.

मी ऑर्तेन्सिया, त्यांची मेहुणी. माझं एम्पानाद्यांचं, म्हणजे सारण भरून भाजलेल्या करंज्यांचं, दुकान आहे आणि मागच्या खोलीत दाजींचं कार्यालय. खाणं पुढून मागे जातं. तपास मागून पुढे कधी आलेला नाही.

शिडांच्या जहाजांचा मेळा बंदरात लागला होता. अकरा जहाजं, प्रत्येकावर रंगीत झेंड्यांच्या माळा. शनिवारी आमच्या देशाच्या 'ब्रिखिदा' जहाजावर लोकांना चढू देत होते, म्हणून आम्हीही गेलो, तर डेकवर पळापळ. माळेतला शेवटचा झेंडा, मागच्या कठड्याजवळचा, हाताला येणारा, गायब. त्याच्या जागी स्वयंपाकघरातलं निळ्या चौकड्यांचं फडकं, नीट गाठ मारून बांधलेलं.

माळांची जबाबदारी बेलिसारियो नावाच्या कॅडेटची. आमच्याच टेकडीवरचा मुलगा. दहा महिन्यांनी त्याला घरी जायला एक दुपार मिळाली होती. उद्या जहाज निघणार, की पुन्हा वर्षाची निश्चिंती. कप्तान ओयार्सून म्हणाले, "झेंडा सापडेपर्यंत जहाजावरून उतरायचं नाही."

त्याचा चेहरा एवढासा झाला. "आई जेवायला थांबलीय," तो मला म्हणाला. "सकाळी गर्दीतून इथेही येऊन गेली. मी सलामीला उभा. मान वळवायचीही सोय नव्हती."

दाजींनी कार्ड पुढे केलं. कप्तानांना मेळा बघायला आलेल्या मंत्र्यांच्या मागे धावायचं होतं. ते म्हणाले, "करा काय करायचं ते." हे वाक्य दाजींसमोर कुणी बोलू नये.

पहिला हुकूम सुटला: जहाजावर चढायची फळी बंद. "आता कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. चोर जहाजावरच आहे."

मग त्यांनी फडकं हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"कांदा आणि जिरं," मी म्हटलं. "एम्पानाद्याचं सारण. कुणाच्या तरी घरचं फडकं आहे, दाजी."

"तुला जिथे तिथे एम्पानादेच दिसतात." त्यांनी चौकड्या मोजल्या. अठ्ठेचाळीस भरल्या. म्हणजे हा सांकेतिक संदेश. शेजारीच पेरू देशाचं जहाज उभं होतं. "आधी म्हणाले, तुमची पिस्को दारू मुळात आमची. आता झेंडा."

पलीकडे पेरूचा आचारी बटाटे सोलत होता. दाजी इतका वेळ टक लावून बघतायत म्हटल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, काही हरवलंय का?"

"ऐकलंस? हरवल्याचं त्याला ठाऊक आहे."

पण पेरूवाल्यांची फडकी हिरवी निघाली. मग संशय एका पेलिकन पक्ष्यावर गेला. पेलिकन गाठ कशी मारेल, असं मी विचारलं. "शिकवलेला असेल," दाजी म्हणाले. शेवटी त्यांनी बेलिसारियोकडेच बोट दाखवलं. "यानेच लपवला. घरी जायचं नसेल." त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला दाजींचा मनापासून राग आला.

दोन वाजून गेले होते. खाली धक्क्यावर एक बाई मघापासून ओरडत होती. दाजींनी दोनदा निरोप धाडला, "त्यांना गप्प करा, विचारांची साखळी तुटते." मी फळीपाशी जाऊन पाहिलं, तर बेलिसारियोची आई, रोसाउराबाई. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पिशवी.

"तास झाला उभी आहे," त्या म्हणाल्या. "हा पहारेकरी म्हणतो, आत कुणी थोर डिटेक्टिव्ह काम करतोय. माझा रस्सा निवला की. बेलिसारियो जेवायला का आला नाही?"

"त्याचा झेंडा हरवलाय."

"हरवलाय कसला? माझ्याकडे आहे." पिशवीतून इस्त्री केलेला झेंडा निघाला. "तीन दिवस खिडकीतून दुर्बिणीने बघतेय, कडेला फाटून लोंबत होता. एवढ्या देशांची जहाजं आलीत, आणि माझ्या मुलाच्या माळेला चिंध्या? सकाळी सोडून नेला, माळ भुंडी दिसू नये म्हणून फडकं बांधलं. सांगणार कुणाला, हा खांबासारखा उभा. म्हटलं, जेवायला येईल तेव्हा हातात देईन."

म्हणजे झेंडा खाली धक्क्यावर मुलाची वाट बघत होता, मुलगा इथे झेंड्याची, आणि मध्ये दाजींनी बंद केलेली फळी.

"घरचाच चोर. मी हेच म्हणत होतो," दाजी म्हणाले.

कप्तान परत आले. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. टाके दिसत नव्हते. मग त्यांनी वर माळेकडे पाहिलं. "आणखी किती फाटलेत, बाई?"

"चार. पुढून तिसरा तर बघवत नाही."

कप्तान बेलिसारियोकडे वळले. "कॅडेट, चारही उतरवा आणि यांच्या घरी न्या. सगळे शिवून होईपर्यंत तिथेच थांबा. अर्धवट शिवलेला एकही परत आणायचा नाही."

संध्याकाळी मी एम्पानादे घेऊन वर टेकडीवर रोसाउराबाईंच्या घरी गेले. दाजी आधीच पोचले होते. बेलिसारियो तिसऱ्यांदा वाढून घेत होता. आई त्याच्याकडे बघत एक टाका घालत होती आणि मग तोच उसवत होती.

दाजी माझ्या कानाशी आले. "ऑर्तेन्सिया, यात काहीतरी काळंबेरं आहे. सकाळी बाईंनी अख्खा झेंडा अर्ध्या तासात शिवला. आता चार तास झाले, अजून पहिल्यावरच?"

"दाजी," मी म्हटलं, "हे एक प्रकरण सोडवू नका. एम्पानादा खा."