अस्सल पोलादी चौकटीतला एकांत

माणूस घर बांधतो ते राहण्यासाठी, असा एक गैरसमज आपल्या समाजात फार दिवसांपासून पसरलेला आहे. राहायला काय, माणूस गोठ्यातही राहतो, आणि मी स्वतः सरकारी निवासस्थानात राहून दाखवलेलं आहे. घर बांधायचं ते दाखवण्यासाठी. ज्या घरात लग्नाचा मुलगा आहे, ते तर निव्वळ दाखवण्यासाठीच. उभी हयात तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढल्यावर हे सांगतोय, त्यामुळे यात चूक असण्याचा संभव नाही.

शहादे तालुक्यातल्या कळसाडीत माझ्या शेजारी भाईदासभाई पटेल राहतात. त्यांच्याकडे ऊस आहे, कापूस आहे, विहिरीला पाणी आहे आणि मिथुन नावाचा तेहतीस वर्षांचा मुलगा आहे. पहिल्या तिन्हींचं बरं चाललंय. मिथुन तेवढा राहून गेला. तसा पोरगा निर्व्यसनी, शेतात राबणारा, तोंडातून शब्द काढील तर शपथ. पण मुलगी द्यायची ती नोकरीवाल्याला, नाहीतर सुरतेला, असा ठराव आमच्या भागातल्या मुलीच्या बापांनी एकही सभा न घेता एकमताने मंजूर करून टाकला आहे. लोक येतात, पुरणपोळी खातात, 'कळवतो' म्हणून जातात. कुणीही काही कळवत नाही, त्यावरून काय ते कळतं.

असंच एक स्थळ आलं तेव्हा नवा बंगला उभा होता, फक्त आतली दारं बसायची होती. मुलीचा मामा पान खाता खाता म्हणाला, "घर चांगलं शे. पन दारं कोनती बसाडश्यात?"

त्यांनीही कळवलं नाही. पण भाईदासभाईंच्या डोक्यात उजेड पडला. मुलाचं लग्न दारावाचून अडलं होतं!

त्याच आठवड्यात सुरतेच्या भाचेजावयाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एका परदेशी घरात सगळीकडे काळ्या पोलादी चौकटीची काचेची दारं. अलीकडे एक बाई कॉफी पितेय, पलीकडे कुत्रा बसलाय, दोघं एकमेकांकडे बघताहेत आणि दोघंही सुखी आहेत. भाईदासभाईंनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की सिंधुबाईंना, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला, त्या बाईचा संशय येऊ लागला.

"आप्पा," भाईदासभाई मला म्हणाले, "दार आसंच पायजे. आनि अस्सल पायजे. डुप्लिकेट दार देखीसन कोन आंडेर दी?"

आंडेर म्हणजे मुलगी. प्रश्न बिनतोड होता. मी लगेच दारनिवड समिती स्थापन केली. अध्यक्ष भाईदासभाई. सचिव मी, उमाकांत आप्पा. सिंधुबाई निमंत्रित (चहापुरत्या). मिथुन हा लाभार्थी असल्यामुळे त्याला मत देण्याचा अधिकार नव्हता. समितीपुढे एकच विषय ठेवला: अस्सल म्हणजे काय?

हा प्रश्न लोक क्षुल्लक समजतात, म्हणून तर देशाची ही अवस्था आहे. बाजारात पोलादी म्हणून जी दारं मिळतात त्यांतली बहुतेक ॲल्युमिनियमची असतात. त्यांना काळा रंग फासतात आणि त्या रंगाला 'स्टील फिनिश' म्हणतात. मी उपाय काढला. ट्रॅक्टरच्या फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक खिशात घातला आणि आम्ही सुरतेला गेलो. दुकानात शिरायचं, नमस्कार करायचा आणि दाराला चुंबक लावायचा. चुंबक टपकन खाली पडायचा. सुरतेत तो इतक्या वेळा खाली पडला की माझी कंबर धरली. शेवटचा दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, लुक तो स्टील का ही है ना!"

भाईदासभाई उसळले. "लुक तं मन्हा पोऱ्याना बी हिरोना शे. म्हनीसन तो हिरो शे का?"

(मिथुन आमच्यासोबत आला होता. तो चपलेकडे बघत राहिला.)

अखेर काम शहाद्याच्या जब्बारभाईंना दिलं. जब्बारभाई ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनवतात आणि अर्ध्या तालुक्याची फाटकं आपण बनवली असं सांगतात. उरलेल्या अर्ध्याची फाटकं त्यांच्या वडिलांनी बनवली आहेत. भार पेलेल का, असं मी विचारल्यावर त्यांना अपमान वाटला. "आप्पा, ऊसनी ट्रॉली याच पाइपवर चालस. तुमनी काच काय पडी? तुम्ही सांगा तं छतले बी काच बसाडी देस!"

छताचा प्रस्ताव समितीने पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवला.

दारं आली. वजन असं की बसवायला सहा माणसं लागली आणि उघडायला निदान एक धडधाकट माणूस लागू लागला. चुंबक लावला तर चिकटला तो निघेना. भाईदासभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काच वरपासून खालपर्यंत, स्वच्छ, दुहेरी, कडेला रबर. आतला शब्द बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. काही किरकोळ हरकती आल्या, त्या मी निकाली काढल्या. लग्नाच्या घरात काळी दारं कशी, असं सिंधुबाईंनी विचारलं. मी कागदोपत्री तो रंग 'गडद निळा' असा नोंदवला. त्यांची दुसरी हरकत मात्र चिवट निघाली.

"घरमा बाईमानूस ऱ्हास, आप्पा. मी साडी कोठे बदलू?"

पडदा लावा, असं कुणीही अडाणी माणूस म्हणाला असता. पण पडदा लावल्यास काच दिसत नाही, आणि काच दिसत नसेल तर ती अस्सल आहे हे पाहुण्यांना कळणार कसं? सबब पडद्याला मनाई करण्यात आली. तेव्हापासून सिंधुबाई साडी बदलायला आमच्या घरी येतात. शेजारधर्म वाढला, हा दारांचा पहिला फायदा. बाथरूमबाबत समितीत तीव्र मतभेद झाले आणि दुधी काचेवर तडजोड झाली. ती पाहून मिथुन विहिरीवर पंपाच्या खोलीत अंघोळीला जाऊ लागला. मोकळ्या हवेत त्याची तब्येत सुधारली, हा दुसरा.

आणि मग भाविकाचं स्थळ आलं.

मुलगी धडगावच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरीला. रोज जीपमध्ये मांडीला मांडी लावून घाट चढते आणि उतरते. नोकरी असून शेतकरी मुलगा पाहायला तयार झाली, ही आमच्या पंचक्रोशीत गेल्या कित्येक वर्षांत न घडलेली गोष्ट होती. भाईदासभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, हाई गयं तं मंग काही खरं नही." सिंधुबाईंनी देवापुढे दिवा लावला तो विझू दिला नाही. मिथुनने दोनदा दाढी केली.

भाविकाबरोबर तिचे वडील भरतभाई आणि सीमाआत्या आल्या. चहा झाला. मी दारांची माहिती दिली, चुंबक फिरवून दाखवला. भरतभाईंनी स्वतः लावून पाहिला. मग कुणीतरी ते नेहमीचं वाक्य उच्चारलं: पोरांना जरा एकट्याने बोलू द्या.

पूर्वी हे काम गच्चीवर चालायचं आणि सोबतीला एखादी चुलत बहीण बसायची. आता जग सुधारलं आहे. मिथुन आणि भाविका मधल्या खोलीत गेले, मिथुनने जोर लावून दार ओढलं आणि संपूर्ण खाजगी वातावरणात त्यांचं बोलणं सुरू झालं. पाहुण्यांना दारं नीट दिसावीत म्हणून हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या मी सकाळीच तिकडे तोंड करून मांडल्या होत्या. त्यामुळे गैरसोय कुणाचीच झाली नाही.

दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं. पण आपला समाज अनुभवी आहे. भाविकाचे ओठ हलले की भाईदासभाई सांगायचे, "जमीन कितली शे, ते इचारी ऱ्हायनी." लगेच भरतभाई म्हणायचे, "नही, तिना पगार कोन ठेवी, ते इचारी ऱ्हायनी." सीमाआत्यांनी तर सुरतेला व्हिडिओ कॉलच लावला आणि मोबाइल दाराकडे धरला. प्रत्यक्ष हजर राहू न शकलेल्या नातेवाइकांनाही त्या एकांताचा लाभ मिळाला. "जोडे ल्या, जोडे," मोबाइल जवळ न्या म्हणून सुरतेहून आवाज आला, "दिसत नही."

आणि आमचा मिथुन बोलत होता हो! घरात 'हो' आणि 'जेवण झालं' यापलीकडे न बोलणारा पोरगा हातवारे करून बोलत होता. बोलता बोलता थांबला आणि त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. भाविकाने तांब्यातलं पाणी त्याच्यापुढे केलं.

"मन्हा पोऱ्या रडी ऱ्हायना," सिंधुबाई उठल्या.

"बठ!" भाईदासभाई ओरडले. "त्यास्ले एकांत दी ऱ्हायनूत ना आपन!"

नेमकं तेव्हाच भाविकाने मान वळवली. काचेपलीकडे तिला तिचा बाप, आत्या, होणारे सासू-सासरे, मी आणि मोबाइलमधली सुरत, असे सगळे दिसले. ती मिथुनला काहीतरी बोलली. मिथुनने भिंतीवर पडदा शोधला. (पडद्याला मनाई होती, हे वर आलंच आहे.) मग त्याने दार ढकललं, दोघं बाहेर आले, आमच्या मधून चालत स्वयंपाकघरात गेले, मागच्या दाराने विहिरीवर गेले आणि पंपाच्या खोलीत शिरले. पत्र्याचं गंजकं दार. आतून कडी लागल्याचा आवाज हॉलपर्यंत आला.

काय वाटलं असेल भाईदासभाईंना! अस्सल पोलाद सोडून गंजका पत्रा! आम्ही सगळे धावत मागच्या अंगणात गेलो. सुरतही आली. पत्र्याला खिळ्याएवढंसुद्धा भोक नव्हतं. मी अगदी जवळ जाऊन खात्री करून घेतली. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, तोही दोघांचा, आणि त्यावरून काहीच निष्कर्ष काढता येईना. इतकं निकृष्ट दार मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

बऱ्याच वेळाने दोघं बाहेर आले. भाविका सरळ वडिलांपाशी गेली. "बाबा, माले पसंत शे."

ज्या वाक्यासाठी बंगला बांधला, सुरत पालथी घातली, ते वाक्य उच्चारलं गेलं. पण ते कुणी ऐकलंच नाही. कारण भाईदासभाई मिथुनला विचारत होते, "काय बोलनात आतमा?"

"काही नही."

"रडना कशाले?"

मिथुनने बापाकडे पाहिलं. "नही सांगाव," तो म्हणाला.

"आतमा जे झायं ते आमनं शे, काका," भाविका हळूच म्हणाली.

झालं! भाईदासभाईंचा पारा चढला. "ते समजाशिवाय नारळ देवाना नही." भरतभाईंनाही मुद्दा पटला, मुलगी पंपाच्या खोलीत काय कबूल करून बसली, हे बापाला कळायला नको? सुरतेनेही पाठिंबा दिला. मी सचिव या नात्याने मध्यममार्ग सुचवला: तपशील नका देऊ, निदान विषय तेवढे सांगा. जमीन, पगार, तब्येत, इतर. मिथुनने मान हलवून नकार दिला. भाविकाने पर्स उचलली. भरतभाईंनी चपला शोधायला सुरुवात केली. जुळलेलं लग्न अंगणातून चालत निघालं होतं.

तेवढ्यात सिंधुबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात नारळ, कुंकू, साखरेची वाटी. अध्यक्षांना विचारलं नाही, सचिवांना विचारलं नाही. भाविकाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, तोंडात साखर घातली.

"माले काही इचारानं नही, माय," त्या म्हणाल्या. "लगीनना पहिले तुमना खोलीले लाकडी दार बसाडसूत. आतला बाजूले कडी."

भाविका वाकली आणि त्यांच्या पाया पडली. सिंधुबाई रडल्या, मिथुन रडला, सीमाआत्या रडल्या आणि मोबाइल खाली पडला. ओटीत पडलेला नारळ परत मागण्याची तरतूद कुठेच नसल्यामुळे लग्न ठरलं.

याचं सगळं श्रेय अस्सल पोलादी दारांना जातं, असं मी माझ्या अहवालात नमूद केलं आहे. दारं नसती तर स्थळ आलं नसतं. लाकडी दाराची नोंद मी 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून केली. एक बाब मात्र अजून प्रलंबित आहे: पंपाच्या खोलीत नेमकं काय बोलणं झालं? भाईदासभाई रोज विचारतात. सुरतेहून फोन येतात. मी स्वतः मिथुनला उसाच्या बांधावर गाठलं, तर तो नुसता हसला. विचारत नाहीत त्या एकट्या सिंधुबाई.

तुम्हाला आमच्या कळसाडीच्या माणसांचं हसू आलं असेल. येऊ द्या. पण खरं सांगा, पत्र्याचं दार लागल्यापासून तुम्ही इथवर वाचत आलात, ते आतलं बोलणं मी कधीतरी सांगेन म्हणूनच ना? मग लाजता कशाला? या, मी थोडा सरकतो, तुम्हीही पत्र्याला कान लावा.