दाखवा म्हणणारे गायके सर

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी अभिप्रायाच्या कागदावर 'प्रशिक्षण अतिशय उत्तम झाले, ज्ञानात मोलाची भर पडली' असं लिहून खाली सही ठोकली. प्रशिक्षण सव्वानऊला सुरू व्हायचं होतं.

यात माझी लबाडी नव्हती हो. हजेरीचा कागद, चहाचा कागद आणि अभिप्रायाचा कागद असे तिन्ही टेबलावर ओळीनं मांडलेले होते. एकाच कंपनीच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस ओळीनं मांडलेल्या कागदांवर सह्या करत पुढं सरकतो. त्याला वाचायची सवय राहिलेली नसते.

गायके सरांनी तो कागद उचलला. आधी चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

"पवार, ज्ञानात भर पडली म्हणता?"

"पडेल ना सर."

"पडेल नाय, पडली असं लिव्हलंय तुम्ही. कुठं पडली? दाखवा."

मी नकळत डोक्यावरून हात फिरवला. तिथं केससुद्धा उरलेले नाहीत, भर कुठून दाखवणार?

शेषराव गायके आमच्या कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मूळचे पिशोरचे. उंच, वाळके, बाहीची बटणं कायम लावलेली, खिशाला दोन पेनं. 'दाखवा' हा एकच शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला असता तरी त्यांचं काही अडलं नसतं. पाणी गाळलंय म्हटलं की "गाळणं दाखवा." उशीर झाला, गाडी पंक्चर होती म्हटलं की "टायर दाखवा." एकदा गुलमंडीच्या बाजारात शर्टाचं कापड घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, रंगाची गॅरंटी." सरांनी पेलाभर पाणी मागितलं. दुकानदाराला वाटलं तहान लागली असेल. सरांनी ठाणाचं टोक त्या पेल्यात बुडवलं आणि घड्याळ बघत बसले. दुकानदार माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "हे किती वेळ बसणार आहेत?" पाच मिनिटांनी पाणी निळं झालं. सरांनी तो पेला उचलून दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवला. आम्ही पळालोच म्हणा ना. मी पळालो, ते चालत आले.

तर आमची कंपनी वाळूजला, साठेक माणसांची. गाडीच्या सांध्यात बसणारी अंगठ्याएवढी पोलादी बुशं आम्ही करतो. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं की महिनाभरात त्यांची माणसं तपासायला येतील. तोवर आमच्या कंपनीत अंतर्गत ऑडिटर तयार हवेत. म्हणजे आपल्याच माणसांनी आपल्याच कंपनीचं काम ठरल्याप्रमाणं चालतंय का ते तपासायचं, आणि लेखी द्यायचं. हे झालं नाही तर ऑर्डर दुसरीकडं. ती ऑर्डर गेली असती तर कंपनीच्या अर्ध्या मशिनांवर कापड टाकावं लागलं असतं.

मालकांनी पुण्याच्या एका प्रशिक्षकाचा दर मागवला, तो वाचून पाणी मागवलं, आणि गायके सरांना बोलावून सांगितलं, "सर, हे चहा-बिस्किटात बसवा."

सरांनी बसवलं. शिकणारे दोघं. एक मी, आणि दुसऱ्या पॅकिंगच्या सविताताई साळवे. सविताताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सर, माझ्या सासूबाईंना बोलवा. त्यांना शिकवायला नाय लागणार."

सराव करायला जागा हवी, आणि तीही फुकट. सरांनी गेटबाहेरची अंबादासची चहाची टपरी धरली. मी वही-पेन घेऊन पुढं झालो आणि जरबेनं विचारलं, "तुम्ही पातेलं धुता की नाही?"

अंबादासनं गाळणी खाली ठेवली. "नाय धूत. काय करता?"

सरांनी मला बाजूला घेतलं. "पवार, ऑडिट करायला आलात का धाड घालायला? समोरच्याला चोर समजून इचारलं की तो चोरावानी उत्तर देतो. नीट इचारा. पातेलं कसं धुता म्हणावं, आणि गप बसा. गप बसणं हे निम्मं ऑडिट आहे."

मी परत गेलो. "अंबादासभाऊ, पातेलं कसं धुता?"

"राखेनं. लई घासतो."

मी गप्प बसलो. अंबादासही गप्प बसला. बराच वेळ आम्ही एकमेकांकडं बघत गप्प बसलो. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "सकाळचं नाय धुतलं, भाऊ. पाणी आलं नव्हतं."

मला एवढा आनंद झाला की मी त्याच पातेल्यातला चहा प्यालो.

हे शास्त्र मी घरीही चालवून पाहिलं. स्वैपाकघरात उभा राहून मी बायकोला म्हटलं, "ह्या डब्यावर साखर लिहिलंय, आत तूरडाळ आहे."

"मला माहीत आहे."

"पण लिहिलेलं आणि असलेलं जुळत नाही."

"तुमच्या लग्नाच्या फोटोशी तुम्ही तरी कुठं जुळता?" ती म्हणाली. "मी काही शेरा मारला का?"

मी शेरा मागं घेतला.

आता ह्या कामात एक नियम फार कडक असतो. आपलं काम आपण तपासायचं नाही. म्हणून माझं स्टोअर सविताताईंच्या वाट्याला आलं. त्यांना तिथं एक खोकं सापडलं. त्याच्यावर माझ्याच अक्षरात 'काय आहे माहीत नाही' अशी चिठ्ठी होती. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि वर मला सही करायला लावली. आणि गायके सरांचा गुणवत्ता विभाग आला माझ्या वाट्याला. गुरूचीच परीक्षा घ्यायची.

तिथं हमीदचाचा बुशं मोजत. आमच्या कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. दर तासाला पाच बुशं घ्यायची, व्हर्नियर, म्हणजे बारीक खुणांची मोजपट्टी, लावून व्यास मोजायचा, तक्त्यात आकडे भरायचे, खाली सही. सर माझ्या मागं भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, हा विभाग दहा मिनिटांत होईल.

तक्ते चाळताना मला एक गोष्ट दिसली. सही हमीदचाचांची होती, उर्दूतली, घसरत गेलेली. पण वरच्या आकड्यांतल्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. असा सात आमच्या कंपनीत एकच माणूस काढतो. आठवडाभर सरांच्या फळ्यावरून तो सात मी वहीत उतरवून घेत होतो. मागचा तक्ता पाहिला, तिथंही तोच सात. त्याच्या मागचा पाहिला. सात महिने मागं गेलो.

मी म्हटलं, "चाचा, बुश कसं मोजता?"

आणि गप्प बसलो.

चाचांनी बुश उचललं, व्हर्नियर लावलं. ते खिडकीकडं धरलं. मग डोळ्याजवळ आणलं, मग हात लांब केला. "बारा... बारा पॉइंट..." आणि हात खाली घेतला. "बरोबर हय मियाँ. माल बरोबर हय."

माल बरोबरच होता. कारण रोज जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीचं दार लावून गायके सर स्वतः बाजूला ठेवलेलं प्रत्येक बुश मोजत होते, आकडे भरत होते, आणि चाचा त्याच्याखाली सही करत होते. चाचांना मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना धडकी भरायची. आणि दिसत नाही असं कळलं तर निवृत्तीच्या आधीच घरी बसवतील, ह्याची त्याहून जास्त. त्यांनी सरांना गळ घातली होती, "साब, किसकू बोलना नक्को." साऱ्या जगाला दाखवा म्हणणाऱ्या माणसानं चाचांना दिलेला शब्द मात्र कुणालाही न दाखवता पाळला होता. हे सगळं मला त्याच खोलीत, त्या दोघांनी आळीपाळीनं आणि एकमेकांकडं न बघता सांगितलं.

मी पेनाला टोपण लावलं.

"टोपण काढा," सर म्हणाले.

"सर, माल तर चांगलाच आहे. कशाला उगाच..."

"मोजणारा एक अन् सही दुसऱ्याची. हे बरोबर हाय का?"

"नाही."

"मग लिहा."

"चाचांची नोकरी जाईल सर."

चाचाच म्हणाले, "लिखो मियाँ. सात महिने इनका खाना ठंडा कर रा मैं."

मी लिहिलं. अक्षर एवढं वाईट आलं की मलाच ते नीट वाचता येईना.

मालकांनी तो कागद वाचून दार लावून घेतलं. "सर, हे गिऱ्हाइकाला दाखवायचं? फाडून टाका. चाचांना चार महिने सुट्टीवर पाठवू, पुढचं पुढं बघू."

"फाडा," सर म्हणाले. "पण मग चाचांच्या मागं मी बी निघालो. आकडे माझे हायेत. चूक बी माझी."

मालकांनी कागद टेबलावर ठेवला. सरांनी त्यांच्यासमोरच कागदाचा उरलेला भाग भरला. चुकीचं मूळ कारण ह्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'निरीक्षकास दिसत नाही हे विभागप्रमुखास माहीत होते व त्याने ते लपविले.' उपाय ह्या रकान्यात दोन ओळी होत्या. पहिली, आमच्याच टूलरूममध्ये पडलेल्या पोलादाच्या तुकड्यांतून दोन कड्या करायच्या. मोठ्या कडीतून बुश गेलं पाहिजे आणि छोट्या कडीतून जाता कामा नये, बस्स. आकडा वाचायचं कामच नाही, हाताला कळतं. दुसरी ओळ होती, 'हमीद शेख यांचे डोळ्यांचे ऑपरेशन. सोबत कोण जाणार: शे. गायके.'

"खर्च?" मालकांनी सवयीनं विचारलं.

"कड्यांना नाय. आन् ऑपरेशन सरकारी दवाखान्यात हाय."

मालकांनी सही केली. वाचून केली, हे मी बघितलं.

चाचा दवाखान्याच्या पायरीवरून दोनदा परत फिरले, असं नंतर कळलं. सर नुसते शेजारी बसून राहिले म्हणे. तिसऱ्या वेळी चाचाच उठले. गायके सरांनी रजा घेतली हे ऐकून कंपनीत कुणाचा विश्वास बसेना. सविताताई म्हणाल्या, "रजेचा अर्ज दाखवा."

गिऱ्हाइकाची माणसं आली तेव्हा कड्या टेबलावर होत्या आणि चाचा काळा गॉगल लावून घरी. त्या माणसांच्या मुख्य साहेबांनी आमची फाईल चाळली, तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाकीच्या कंपन्यांत आम्हाला नुसतं 'सर्व ठीक' दिसतं. तुमच्याकडं ऑडिट खरंच होतं म्हणायचं." ऑर्डर राहिली. मालकांनी त्या दिवशी बिस्किटांऐवजी इमरती मागवली. आमच्या कंपनीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

पण कागद अजून बंद झाला नव्हता. उपाय लागू पडला की नाही हे ऑडिटरनं, म्हणजे मी, तपासायचं राहिलं होतं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चाचा कामावर आले त्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेलो. सविताताईही आल्या, आणि खरं सांगायचं तर निम्मी पॅकिंग लाइन दारात उभी होती. कड्या होत्याच, पण चाचांनी हट्टानं व्हर्नियर मागितलं. बुश उचललं, एका झटक्यात वाचलं, "बारा पॉइंट चार सात." सरांनी पडताळलं. बरोबर होतं.

चाचा हसले, आणि व्हर्नियर ठेवता ठेवता त्यांनी मान वर करून सरांकडं पाहिलं. नीट, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच. त्यांचं हसू तसंच अर्धवट राहिलं.

"या अल्ला," ते म्हणाले. "साब, आप इत्ते बुड्ढे कब हो गए जी?"

आम्ही सगळे हसलो. सविताताई तर खुर्चीचा आधार घेऊन हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "लिहा, पवार. उपाय लागू पडला." मग ते हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेले. हात त्यांनी धुतले नाहीत. तिथल्या आरशापुढं ते बराच वेळ उभे राहिले, आणि मग गालावरून एकदा हात फिरवून परत आले.

घरी जाऊन मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. सातच्या पोटातली रेघ मी कशी पकडली, ते जरा जास्तच रंगवलं. चाचांचं वाक्य तर मी दोनदा म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. ती हसली नाही.

"घरी कोण कोण असतं त्यांच्या?" तिनं विचारलं.

"गायके सरांच्या? विचारलं नाही कधी."

तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, म्हातारे झालात एवढं सांगायलासुद्धा त्या माणसाच्या घरात कुणी नाही का?"