नऊ दिवस वेशीवर बसलेले पत्र

श्री. ज्याचे पाय सागर धुतो त्या देवास नमन करोन, धाकटे राज्याचे शक सातवे, मास वैशाख, ते समयीची हकीकत लिहिली ऐसीजे. राज्य नवे, थोरले दौलतीशी भांडोन वेगळे जाहलेले. सिंहासनाचा रंगही वाळला नव्हता, महाराज उठतां अंगरख्यास सोनेरी डाग पडत आणि दरबार ते डाग राजचिन्ह म्हणोन वाखाणीत. मग थोरल्यांच्या गलबतांनी भर समुद्रात या राज्याचे सतरा खलाशी धरोन नेले आणि सांगितले की, जन्मले तेव्हा आमचीच रयत होती, सबब आमच्याच डोलकाठीवर चढतील. त्यांत कोंडाई कोळिणीचा एकुलता लेक हिरू होता. मग चिटणीस निंबाजीपंत यांस आज्ञा जाहली की, युद्धपत्र लिहावे आणि युद्ध न्यायाचे ऐसे त्यांत स्पष्ट असावे. पंतांनी बोरू दौतीत बुडविला आणि कारणे मांडिली. कारणे खरी होती, हात अडखळला नाही.

रिवाज ऐसा की, ज्याचे दुःख त्यानेच युद्धाचा नगारा वाजवावा. नगारा बारा रेड्यांच्या कातड्याचा; एकदा मांजर वरून पळाले तो सात गावची दुधे नासली. कोंडाई टिपरू घेऊन उभी राहिली आणि पुसती जाहली, "पंत, थोरल्यांचा जासूद आठ दिस वेशीवर बसलाय. त्याच्या थैलीत काय हाय?"

पंत म्हणाले, "बाई, त्यांनी आपला जासूद नऊ दिवस बसविला होता. आपण एक दिवस आधी उघडले तर हलके ठरू."

"आरं, पत्र उघडायला मुहूर्त, आनि मानसं मारायला घाई?"

दरबार हसला. पंतही हसले. मग बाईने डोळे मिटोन लेकाचे नाव घेतले आणि नगारा वाजविला.

दुसरे दिवशी थैली उघडिली. आत मजकूर की, तुमचे सतरा असामी सोडिले, चूक जाहली, राग न धरावा. पंत धावत महाराजांकडे गेले, एक जोडा वाटेतच राहिला. महाराज बोलिले, "पंत, वाजलेला नगारा मागे घेतला तर थोरले म्हणतील, पोर रुसले आणि पोर हसले." आणि आरमार निघाले.

दहावे दिवशी हिरू घरी आला. आईने भाकरी वाढली आणि तो दुसरा घास मोडतो तो सरकारी प्यादे दारात. दर्यात वाकबगार माणसे युद्धास पाहिजेत, चल. मग कोंडाई पंतांच्या ओसरीशी आली. "त्यांनी नेला तवा नगारा वाजिवला. आता तुमी नेला. आता कुटला वाजवू, पंत?"



युद्ध तीन वर्षे चालले, सीमा होती तेथेच राहिली, हिरू परतला नाही. पुढे दरबाराने बखर मागितली. 'युद्ध न्यायाचे होते' हे वाक्य पंतांनी आज्ञेप्रमाणे लिहिले आणि खाली, पत्र वेशीवर आले तो दिवस आणि उघडले तो दिवस, ऐसे दोन्ही लिहून ठेविले. इतकी हकीकत. निवाडा वाचणाराने करावा. घाई असेल तर आधी नऊ दिवस वेशीवर बसोन करावा.